बारीक झालीस गं!

दिवाळीच्या अंकात आजाराचा विषय नको, असा आमच्या संपादकांचा दरवर्षी प्रेमळ आग्रह असतो. 'डॉक्टर, वाचकांच्या पुढ्यात चकली असते. तेव्हा जरा गोडाधोडाचं लिहा,' असे ते म्हणतात. मीही आजवर त्यांचे ऐकत आलो. वर्षभर या पानावर खोकला, खरूज आणि मूळव्याध यांची चर्चा करायची, आणि दिवाळी आली की फराळ पचावा कसा, फुलबाज्यांपासून डोळे कसे जपावेत, असे काहीतरी सणासुदीला शोभेलसे लिहायचे, हा माझा शिरस्ता. यंदा तो मोडतो आहे. विषय फराळाचाच आहे, पण गोड नाही. शिवाय त्यात मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती भाऊबिजेच्या आत छापून आलेली बरी.

गोष्ट २०२३ सालच्या भाऊबिजेची. माझी धाकटी बहीण ठाण्याला असते. ओवाळणी झाली, मी पाटावरून उठलो, फराळाच्या बशा आल्या. बहिणीची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. घरात तिला सगळे चिऊ म्हणतात. खरे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. वर्षभरात पोरीने अंग धरले होते. तिने बशीतली दुसरी करंजी उचलली आणि थट्टेखोर म्हणून मिरवणारा मी मामा म्हणालो, 'काय चिऊताई, यंदा फराळ डब्यात कमी अन् अंगावर जास्त दिसतोय!'

हशा पिकला. मेहुणे हसले, बहीण हसली, चिऊच्या आजीही तोंडाला पदर लावून हसल्या. चिऊसुद्धा हसली. उचललेली करंजी मात्र तिने बशीच्या कडेला परत ठेवली. ते मी पाहिले, आणि पुढच्या क्षणी विसरलो.

खरे म्हणजे मी विसरायला नको होते. वयात येताना मुलीच्या अंगावर मेद चढतो, हा निसर्गाचा नेम आहे. पुढे उंची वाढायची असते, पाळी नियमित व्हायची असते, जन्मभर पुरायचा हाडांचा साठा याच चार-पाच वर्षांत भरायचा असतो. त्याची ती बेगमी असते. हे मला पाठ आहे. पण दवाखान्याचे कुलूप लावले की डॉक्टरही चारचौघांसारखाच बोलतो.

आणि चारचौघे काय बोलतात? आपल्याकडे पाहुण्याच्या अंगकाठीवर शेरा मारणे हा आगतस्वागताचाच एक भाग आहे. पायातल्या चपला निघायच्या आत 'सुटलास की रे!' आणि पाण्याचा पेला हातात देताना 'काय ही दशा झाली गं तुझी!' हे ठरलेले. हेतू कोणाचाच वाईट नसतो. पण या बोलण्यात मधल्या काळात एक फरक पडला आहे. माझी आजी 'बारीक झालीस गं!' म्हणायची ते काळजीने, आणि त्या वाक्याच्या मागोमाग तुपाची वाटी यायची. सासरहून आलेल्या लेकीला ते वाक्य ऐकवणे म्हणजे 'तिकडे तुला सुख आहे ना?' असे विचारणे. आज उंबरठा तोच, शब्द तेच, अर्थ मात्र उलटा. आज 'बारीक झालीस गं!' ही शाबासकी आहे, आणि तिच्या मागोमाग प्रश्न येतो, 'काय केलंस, सांग ना!'

चिऊने काय केले, ते सांगतो. त्या भाऊबिजेनंतर तिने साखर सोडली. दहावीचे वर्ष, तरी पहाटे उठून गच्चीवर फेऱ्या घालू लागली. मग भात सुटला, मग तूप, मग रात्रीची पोळी. निकाल उत्तम लागला. आषाढी एकादशीला तिने चातुर्मासाचा नेम धरला, एक वेळ जेवण्याचा. आजींना धन्य वाटले. पुढे श्रावणातले सोमवार, शनिवार, मधल्या संकष्ट्या, मग नवरात्राचे नऊ दिवस. उपासाला इतर मंडळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस हाणतात. चिऊ नुसत्या ताकावर राही. जो भेटे तो म्हणे, 'बारीक झालीस गं!' शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीला तिचा कित्ता गिरवायला सांगितले. मीही मागे नव्हतो. गणपतीतला तिचा फोटो बहिणीने फोनवर पाठवला, तेव्हा मी उलट कौतुकाचे चार शब्द धाडले. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या मधुमेही मंडळींना मी तिचे उदाहरण देऊ लागलो. 'माझ्या सोळा वर्षांच्या भाचीचा निग्रह बघा, नाहीतर तुम्ही!'

मग आली २०२४ ची भाऊबीज. दार चिऊनेच उघडले. मी मनातून चरकलो, पण सणाच्या दिवशी तोंडावर येऊ दिले नाही. फराळ सगळा तिने केला होता. चकल्या, कडबोळी, चिरोटे आणि जाळी पडलेले सुरेख अनारसे. 'दादा, मला हातसुद्धा लावू दिला नाही हं हिनं,' बहीण कौतुकाने म्हणाली. पाककृतींची एक जाडजूड वहीही तिने मला दाखवली. सुवाच्य अक्षरात शेकडो पदार्थ उतरवलेले. प्रत्येकाच्या बशीत तिने आग्रहाने वाढले. 'आणि तुझं गं?' म्हटले तर म्हणाली, 'माझं झालं मघाशी.' बाहेर उकाडा मी म्हणत होता, डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि पोरीच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता.

निघताना ती पाया पडली. मी पाकीट तिच्या हातात ठेवले, तर हात बर्फासारखा गार. माझी बोटे सवयीने तिच्या मनगटावर गेली. मनगटावर तान्ह्या मुलाच्या अंगावर असते तशी मऊ लव आली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. नाडी मिनिटाला ४४. कसलेल्या खेळाडूची नाडी अशी संथ असू शकते. चिऊची नाडी तशी का झाली, हे मला घड्याळाचा काटा फिरत असतानाच कळले.

बहिणीला स्वयंपाकघरात नेऊन मी दोन-तीन प्रश्न विचारले. पाच महिने पाळी आली नव्हती. न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके निघत होते. जिन्यात दोनदा भोवळ आली होती. 'अरे, अकरावीचा ताण असेल म्हणून मी...' एवढे बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, 'दादा, मी रोज तिच्यासमोर बसून जेवते. मला कसं दिसलं नाही?'

मला तरी कुठे दिसले होते? आणि मी तर डॉक्टर.

या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा म्हणतात. तो आजच्या मुलींनी काढलेले खूळ नव्हे. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली छापलेल्या क्षयरोगावरच्या ग्रंथात अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे. तिला ताप नाही, खोकला नाही, पण अन्नावरची वासना उडाली आणि ती नुसता कातडीचा सांगाडा उरली. रात्रंदिवस पुस्तकांत डोके घालून बसण्याची तिला सवय होती, हेही मॉर्टननी नमूद केले आहे. पुढे १८७३ साली पॅरिसचे लासेग आणि लंडनचे विल्यम गल या दोघांनी, एकाने दुसऱ्यावर विसंबून न राहता, या आजाराचे वर्णन केले. आजचे नाव गल यांचे. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणे. हे नाव तसे फसवे आहे. या मुलींची भूक मेलेली नसते, त्या ती मारत असतात.

मग पाककृतींची ती वही कशासाठी? त्याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. शस्त्र हाती घेणे सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धावर न गेलेले हे तरुण होते. युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा खातेपिते कसे करावे, हे त्यातून शिकायचे होते. त्यांचे वजन सुमारे पावपट उतरले. पण खरा धडा निराळाच निघाला. हे धडधाकट पुरुष पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले, पाककृती जमवू लागले. ताटातला घास घोळवीत तासन् तास बसू लागले. त्यांना सदा थंडी वाजे, नाडी मंदावली; ते चिडके झाले, माणसांत मिसळेनासे झाले. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते. म्हणजे उपासमारच मनाला असा आकार देते. चिऊचा स्वेटर, तिची वही, मैत्रिणींकडे जाणे बंद होणे, यांतले बरेचसे तिच्या स्वभावाचे नव्हते. ते भुकेचे होते. म्हणूनच अशा मुलीला 'हट्ट सोड' म्हणून उपयोग होत नाही. ज्या मेंदूने हट्ट सोडायचा, तोच उपाशी असतो.

आता मुळात बारीक व्हावेसे वाटते ते का? फिजी बेटांवरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे भरदार अंग हे घरच्यांनी नीट सांभाळल्याची खूण मानली जाई; कोणी रोडावले की घरादाराला घोर लागे. आमच्या आजीसारखेच म्हणा ना! तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या संशोधिका अ‍ॅन बेकर यांनी त्याच सुमारास शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि १९९८ साली पुन्हा केली. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण शेकडा ११ च्या वर गेले. फिजीत तेव्हा घरातल्या एका खोक्याने एवढे केले. आपल्या मुलींच्या तर हातातच दिवसरात्र आरसा आहे, आणि त्यात दिसणारे चेहरे व कमरा यंत्राने घासूनपुसून काढलेल्या असतात.

तरीही सगळा दोष त्या आरशावर टाकून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्याकडे हा आजार ओळखू येत नाही, याचे कारण तो सद्गुणांचे कपडे घालून वावरतो. उपास करते, सोशिक आहे, पहाटे उठते, गोडाला शिवत नाही, अभ्यासात पहिली. यातल्या कशाची म्हणून आईबापांनी तक्रार करावी? शिवाय 'मी जाड आहे' हे वाक्य आपल्या मुली तोंडाने म्हणतीलच असे नाही. १९९५ साली दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुण रुग्ण मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. खाणे नाकारणे, उलट्या, झपाट्याने उतरलेले वजन, थांबलेली पाळी हे सगळे होते. जाडीची धास्ती मात्र त्यांत दिसली नाही. 'पोट फुगतं', 'मळमळतं', 'जातच नाही' एवढेच अशा मुली सांगतात. मग आम्ही डॉक्टर मंडळी कावीळ पाहतो, जंत पाहतो, क्षय पाहतो. ते पाहायला हवेच; पण सगळे तपास स्वच्छ आले तरी वजन उतरतेच आहे, तेव्हा थांबून विचार करायला हवा.

या आजाराची भावंडेही आहेत. कोणी दिवसभर पोट मारते, रात्री भान हरपून खाते आणि मग अपराधी वाटून ते ओकून टाकते. या प्रकाराला लंडनचे जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली बुलिमिया नर्व्होझा हे नाव दिले. त्यात वजन फारसे हलत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे घरातल्या घरात दडून राहतो. आत मात्र दातांचे कवच झिजत असते आणि रक्तातले पोटॅशियम उतरून हृदयाला धोका होत असतो. कोणी नुसतेच भान हरपून खाते, आणि घरचे त्याला हावरटपणा म्हणतात. आणि मुलगे यातून सुटतात, असे समजू नका. व्यायामशाळेत दिवसाचे तीन-तीन तास घालवून, घरचे वरण-पोळी टाकून प्रथिनांच्या भुकटीवर जगणारे आणि तरीही आरशात स्वतःला किडकिडीत दिसणारे चिरंजीव माझ्याही दवाखान्यात येतात. त्यांचे दुखणे याच घराण्यातले.

आणि हे दुखणे जिवावरचे आहे. मनाच्या ज्या आजारांत माणूस दगावण्याचे प्रमाण फार मोठे, त्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. कॅरन कार्पेंटर ही अमेरिकेची लाडकी गायिका ४ फेब्रुवारी १९८३ रोजी गेली, ती वयाच्या ३२ व्या वर्षी, या आजाराने हृदय खिळखिळे झाल्यामुळे. अंगाने मुळात जाड असलेला मुलगा किंवा मुलगी उपाशी राहून झपाट्याने उतरली, तर वजनाचा आकडा वरकरणी ठीक दिसत असतानाही नाडी आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीवर गेलेले असू शकतात. अशा मुलांचे तर आपण सत्कारच करतो.

इथे वाचक विचारतील, 'डॉक्टर, मग मुलं लठ्ठ होऊ द्यायची का? मधुमेह तर घरोघरी आलाय.' प्रश्न रास्त आहे. त्याला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची एक गोष्ट चांगले उत्तर देते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी दडलेली असते आणि मधुमेह त्यालाही गाठतो. तेव्हा अंगकाठीकडे पाहून प्रकृतीचा निवाडा करण्यात दोन्हीकडून फसगत आहे. जो बारीक आहे तो निरोगी नसेल, आणि जो गुबगुबीत आहे तो रोगी नसेल.

मुलांच्या वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरला दाखवा, पण मुलाला एकट्याला पथ्यावर बसवू नका. जे बदलायचे ते साऱ्या घराचे बदला. तळणाचा वार कमी करायचा तर बाबांचाही कमी करा, संध्याकाळी फिरायला जायचे तर सगळे मिळून जा. ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलींच्या एका अभ्यासात, १९९९ साली असे दिसले की अगदी कडक पथ्य करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार जडण्याचा संभव पथ्य न करणाऱ्यांच्या अठरा पट होता. २०१६ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आईबापांना हेच सांगितले, की मुलांच्या वजनाविषयी बोलू नका, त्यांना चिडवू नका, त्यांच्याबरोबर बसून जेवा. लठ्ठपणा आणि उपासमार या दोन्ही टोकांना हा एकच सल्ला लागू पडतो. आपल्या आईआज्यांना यातला शेवटचा भाग फार आधीपासून ठाऊक होता.

चिऊला आम्ही दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात दाखल केले. सणात पोरीला इस्पितळात का नेता, म्हणून नातेवाइकांनी नाके मुरडली. पण उपाशी शरीराला घरच्या घरी एकदम भरपेट जेवू घालणेही जिवावर बेतू शकते. रक्तातले फॉस्फेटसारखे क्षार एकाएकी कोसळतात आणि हृदय बंद पडू शकते. महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या कित्येक कैद्यांचे असे झाले. म्हणून रोज रक्त तपासत, हृदयाचा आलेख काढत, हळूहळू आहार वाढवत न्यावा लागतो. बारा दिवसांनी ती घरी आली, आणि खरी कसोटी तिथून सुरू झाली. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी बहिणीला सांगितले, 'आता हिचं औषध म्हणजे अन्न, आणि ते द्यायचं तुम्ही. हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, पण तो बरा करायला तुम्ही लागणार.' ही रीत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० नंतरच्या वर्षांत आकाराला आली. वाढत्या वयाच्या मुलांत तिचा गुण चांगला येतो. मूल स्वतःच्या पोटाची जबाबदारी घेऊ शकत नाही तोवर ती आईबापांनी घ्यायची, आणि ते सावरले की हळूहळू त्याच्या हाती परत द्यायची.

ऐकायला सोपे आहे. बहिणीने बिनपगारी रजा घेतली. दिवसातून पाच वेळा, घड्याळ लावून ती चिऊसमोर बसे. वाटीभर वरणभाताला दीड तास लागे. चिऊ रडे, ओरडे, 'तू माझी आई नाहीस' म्हणे. एकदा तिने ताट भिरकावले. मेहुण्यांनी भात गोळा केला, फरशी पुसली आणि दुसरे ताट वाढून आणले. तोंडातून शब्द काढला नाही. मला सर्वांत मोठे वाटले ते आजींचे. डॉक्टरीणबाईंनी चिऊचे सगळे उपास बंद करायला सांगितले, तेव्हा आजी रात्रभर तळमळल्या. पुढच्या सोमवारी दुपारी मात्र त्या आपले ताट घेऊन नातीशेजारी येऊन बसल्या. चाळीस वर्षे धरलेला सोमवार त्यांनी त्या दिवशी सोडला. 'देवाचं आणि माझं मी बघून घेईन,' म्हणाल्या, 'तू घास घे.'

जानेवारीत एकदा मी चिऊजवळ बसलो आणि त्या भाऊबिजेच्या थट्टेबद्दल तिची माफी मागितली. मला वाटले होते, ती म्हणेल, 'मला आठवतसुद्धा नाही.' ती म्हणाली, 'मामा, तुझ्या बोलण्यानं मी आजारी पडले असं नाही. डॉक्टर म्हणतात, खूप कारणं असतात. पण ते वाक्य मला पाठ होतं. ताटावर बसलं की आधी ते ऐकू यायचं.'

डॉक्टर म्हणून मी तिच्याशी सहमत आहे. या आजारात अनुवंशाचा मोठा वाटा असतो. एका वाक्याने तो कोणाला होत नाही. पण कोणत्या घरातल्या कोणत्या मुलीच्या अंगी ते बीज आहे, हे तुम्हाआम्हाला बाहेरून दिसत नाही. न दिसणाऱ्या खड्ड्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोराला आपण गमतीनेही धक्का देत नाही. मग शब्दाचाच तेवढा का द्यावा?

तेव्हा या दिवाळीत घराघरांतल्या मामा-मावश्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की दारात आलेल्या मुलाच्या अंगावर शेरा मारू नका. वाईट नको आणि चांगलाही नको. आणि आईबापांनो, मूल घरच्यांबरोबर जेवायचे टाळू लागले, 'माझं झालं' हे पालुपद झाले, इतरांना खिलवून स्वतः खाईना, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन दार लावू लागले, उकाड्यात स्वेटर घालू लागले, पाळी चुकू लागली, भोवळ येऊ लागली, तर परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. या आजारात जितके लवकर तितके बरे. नाडी, रक्तदाब, रक्त आणि हृदयाचा आलेख तपासून घ्या, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायला लाजू नका. कोणाकडे जावे ते उमगत नसेल, तर २०२२ सालापासून सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा आहे. १४४१६ हा आकडा फिरवला की मराठीतही बोलता येते, आणि पैसे पडत नाहीत.

चिऊ आता सतरा वर्षांची आहे, बारावीत. नाडी सुधारली, मे महिन्यात पाळी सुरू झाली, स्वेटर कपाटात गेला. आजार पुरता गेला, असे मी म्हणणार नाही. अजूनही काही दिवस वाईट जातात आणि ताटापुढे ती गप्प होते. परवा फराळाचे बेत चालले होते, तेव्हा बहिणीने भीतभीत विचारले, यंदा काय करायचं म्हणून. चिऊ म्हणाली, 'यंदा मी कढईजवळ उभी राहणार नाही. मी मामाच्या शेजारी बसणार आणि एक करंजी खाणार. दुसरीचा आग्रह कोणी करायचा नाही.'

करणार नाही. मी तिला कॉलेजातल्या गमती विचारीन, आणि माझ्या बशीकडे बघून निमूट खाईन.

वाचकहो, दिवाळी तुम्हाला सुखाची जावो.